वाकळ कुणाकुणाची?

एप्रिल महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी आवराआवर सुरू होते. भिंतींना रंग लागतो, माळ्यावरची भांडी खाली येतात, भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी पुसून पुन्हा जागेवर बसतात आणि सर्वांत शेवटी अंथरुणे-पांघरुणे निघतात. जयंतीच्या आधी घरातले शेवटचे फडकेसुद्धा धुऊन निघाले पाहिजे, हा आपल्या माता-भगिनींनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेला दंडक आहे. आणि नेमक्या याच वेळी बहुतेक घरांत एक वाद होतो. सून म्हणते, "आत्या, ही जुनी वाकळ आता टाकून देऊ या का?" सासू म्हणते, "असू दे गं, अजून चार वर्षे निघतील." मुलगा पेपरात डोके खुपसून बसतो. मग ती वाकळ एक तर पुन्हा माळ्यावर जाते, नाही तर सासूबाई गावी गेल्या की गुपचूप कचऱ्याच्या गाडीत जाते.

वाचकहो, आज आम्ही या वादात पडणार आहोत. एरवी सासू-सुनेच्या मध्ये पडू नये एवढे व्यवहारज्ञान आमच्याकडे आहे. पण हा वाद निव्वळ दोघींचा नाही.

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, वस्तू एकच. आपल्याकडे तान्ह्या बाळाचे ते दुपटे, चार पदरी पांघरुणाची ती चौघडी. कर्नाटकात हिलाच कौदी म्हणतात, बंगालात कांथा, बिहारात सुजनी. म्हणजे जिथे जिथे थंडी आहे आणि पैसा कमी आहे, तिथल्या बाईने आपल्या अकलेने ही वस्तू शोधून काढलेली आहे. एकावर एक कापडाचे थर घातले की मध्ये हवा अडकते आणि ऊब राहते, हे तिला कोणत्याही शाळेत शिकवलेले नव्हते.

ती कशी होते, हे आजच्या मुलामुलींना माहीत नसते म्हणून थोडे सांगतो. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते सगळे एकदम फाटत नाही. बसण्या-उठण्याने, काष्ट्याच्या ओढीने मधला भाग आधी विरतो; पदर आणि काठ शाबूत राहतात. बाई आधी ते लुगडे दांड भरून नेसते. दांडही टिकेनासा झाला की मग त्याचे जुनेर होते. त्या जुनेराचे धडपे जोडून खालचा थर आणि वरचा थर होतो. दोन्हींच्या मध्ये घरातले बाकीचे सगळे जाते : धोतराचे तुकडे, सदऱ्याची पाठ, परकराचा घेर, लेकरांची झबली. गुंड्या आधी काढून डब्यात ठेवायच्या, शिवणी उसवायच्या, नाही तर झोपल्यावर अंगाला टोचतात. सारवलेल्या जमिनीवर थर पसरून, कोपऱ्यांवर दगड ठेवून आधी लांब टाके घालायचे आणि मग काठापासून आत, चौकटीत चौकट घेत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. शिवणारी बाई त्या वाकळेवरच बसलेली असते. आपल्याच बैठकीच्या वजनाने ती कापड ताणून धरते. बोटाला चिंधी गुंडाळलेली, तोंडात दोरा. उन्हाळ्यातल्या पंधरा-वीस दुपारी एका वाकळेत जातात. सकाळचे काम संपलेले असते, संध्याकाळची चूल पेटायची असते, आणि या मधल्या वेळेला घरातली माणसे बाईच्या विश्रांतीची वेळ म्हणतात!

आमच्या घरात अशी एक वाकळ आहे. ती सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजीने आणि आईने मिळून शिवली. साल सांगता येते, कारण ते संपाचे दिवस होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आमचे वडील त्यांतले एक. काही महिने मुंबईत काढून, वाण्याची उधारी वाढल्यावर आमचे बिऱ्हाड गावी गेले. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो. त्या उन्हाळ्यात नवे पांघरूण विकत घेणे शक्यच नव्हते. पेटीत होते ते सगळे जुने बाहेर काढले आणि दोघी शिवायला बसल्या.

त्या वाकळेत काय काय आहे? वरच्या थराला आजीचे हिरवे लुगडे, लाल काठाचे. हिरवा रंग आता ओळखावा लागतो, काठ मात्र अजून लाल आहे. आतल्या बाजूला आजोबांचे धोतर. ते गोदीत हमाल होते. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला जो जनसागर लोटला, त्यात ते उभे होते. आत्याचा शाळेतला निळा परकर. ती आमच्या घरातली चौथीच्या पुढे शिकलेली पहिली मुलगी. वडिलांची गिरणीतली खाकी चड्डी. तिचा तुकडा जाड, सुई जात नव्हती म्हणून तिथले टाके मोठे आणि वाकडे आहेत. आमचे स्वतःचे एक झबले. आणि एका कोपऱ्यात पिवळट पडलेला पांढरा तुकडा. ते आजीचे पांढरे पातळ. १९५७ साली तालुक्याच्या गावी दीक्षेचा कार्यक्रम झाला, तेव्हा ते तिने घेतले होते. पुढे कितीतरी वर्षे ती ते पौर्णिमेला आणि जयंतीलाच नेसायची. विरल्यावर ते खाली, पायाकडे घालायचे नाही, उशाकडे घालायचे, असे तिने आईला बजावले होते. म्हणून आमच्या वाकळेला उशाची बाजू आहे.

आमच्या आजीचा एकही फोटो नाही. काढायला कुणाकडे पैसे नव्हते, आणि होते तेव्हा ती "माझा कशाला?" म्हणाली. तिच्या जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. तिने हाताने लिहिलेला कागद असण्याचा प्रश्नच नाही. ऑफिसात आम्ही दिवसभर दाखले, उतारे आणि नोंदी पाहतो. कागद नसलेल्या माणसाला खिडकीवर काय किंमत असते, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. आजी होती याचा आमच्या घरात शिल्लक राहिलेला पुरावा म्हणजे दोन तुकडे कापड आणि तिने घातलेले टाके. आईचे टाके बारीक आहेत, आजीचे लांब. नजर कमी झाली होती तिची.

आपल्यापैकी किती घरांत आजी-पणजीचा फोटो आहे? ज्या समाजाला लिहिण्यापासून दूर ठेवले, त्याच्या म्हाताऱ्या माणसांची आठवण कागदावर सापडणार नाही. ती भांड्यात सापडेल, जात्याच्या खुंट्यात सापडेल, वाकळेत सापडेल.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आमचे एक कार्यकर्ते मित्र आम्हाला म्हणाले, "साहेब, चिंध्यांचे कौतुक पुरे झाले. चिंध्या वापरणे हीच तर आपली गुलामी होती." त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत असे सांगितलेले आहे, आणि हे केवळ पोथीत राहिले नाही. गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारकीचा हक्कच समजला जाई. सणावाराला दारात उभे राहिल्यावर वरून टाकलेले जुने कापड झेलावे लागे. त्या काळच्या वाकळांमध्ये कुणाचे कापड असेल हे सांगायला नको. जुनी माणसे त्याविषयी बोलत नसत, विषय निघाला की उठून जात. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या मुलांना वाकळेची लाज वाटली तर ती समजण्यासारखी आहे.

पण इथेच थोडा विचार करावा असे आम्हाला वाटते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे मार्गदर्शन केले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यपणाची खूण अंगावर ठेवू नका, हे त्यांनी सांगितलेच. त्याच्याच जोडीला, कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही पण तो स्वच्छ असला पाहिजे, असेही सांगितले. म्हणजे बाबासाहेबांना आपल्या आयांच्या ठिगळाची लाज नव्हती. घाणीची होती आणि लाचारीची होती. ठिगळ हे गरिबीचे असते. दुसऱ्याने वरून टाकलेले कापड हे गुलामीचे. दोन्ही एकच नव्हेत.

आमच्या वाकळेतला एकही तुकडा कुणी दिलेला नाही. गोदीतल्या हमालीचे धोतर, गिरणीच्या पगारातून घेतलेली खाकी, शाळेचा परकर. मागून आणलेल्या कापडाचा नसलेला, आपल्या कष्टाच्या पैशाने आणून, वापरून, झिजवून मग शिवलेला असा हा आमच्या घराण्यातला कदाचित पहिलाच पिढीजात ठेवा असेल. तो आम्ही लाजेने का टाकावा?

जुन्या वस्त्राचे मोल आपल्या धम्माच्या परंपरेलाही अपरिचित नाही. भिक्खूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असते आणि त्याची आखणी मगधातल्या भातशेतीच्या बांधांसारखी आहे, हे विनयपिटकात सांगितले आहे. त्यातल्या चुल्लवग्गात एक गोष्ट आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली. राजाला राग आला : एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण कापडाचे दुकान टाकणार आहे की काय? तो विचारायला गेला. इतकी वस्त्रे घेऊन काय कराल? ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ, महाराज. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय कराल? अंथरुणावरच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायला. ती अंथरुणे जीर्ण झाल्यावर? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकी फाटली की? त्यांचे तुकडे करून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आम्ही ही गोष्ट मागे एका वर्षावासात विहारात सांगितली, तेव्हा मागे बसलेल्या एक आजीबाई हळूच शेजारणीला म्हणाल्या, "हे तर आपण रोजच करतो की!" सगळे हसले. पण त्यांचे म्हणणे खरेच होते. आमच्या प्रवचनापेक्षा ते वाक्यच लोकांच्या जास्त लक्षात राहिले.

मग वाकळा शिवणे का थांबले? एक तर दारावर बोहारीण येऊ लागली. जुन्या कपड्यांवर स्टीलचे पातेले मिळू लागले आणि वाकळेच्या वाटचे कापड बोहारणीच्या गाठोड्यात जाऊ लागले. त्यात वाईट काही नाही. पातेलेही घराला लागतेच. दुसरे म्हणजे सुती लुगडी गेली आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. हे कापड सुईखाली सरकते, घाम शोषत नाही, दहा वर्षांनीही मऊ होत नाही. त्याची वाकळ अंगावरून घसरून पडते. आणि तिसरे, बाजारात स्वस्त ब्लँकेट आले. आता गंमत अशी की त्यांतली बरीच स्वस्त ब्लँकेटे पानिपतला तयार होतात, आणि ती परदेशातून आलेले लोकरीचे जुने कपडे फाडून, पिंजून, त्यांचे पुन्हा सूत काढून विणलेली असतात. म्हणजे आजीचे जुने लुगडे नको म्हणून आपण ज्याला नवे समजून पैसे मोजतो, ते कुणा अनोळखी माणसाच्या जुन्या कोटाचेच असण्याचा संभव आहे! उलट शहरातल्या मोठ्या दुकानांतून हाताने शिवलेली गोधडी 'हस्तकला' म्हणून हजारो रुपयांना विकली जाते. आमच्या आईने संपाच्या दिवसांत गावातल्या इतरांच्याही वाकळा शिवून दिल्या. कुणी पायलीभर जोंधळे दिले, कुणी "नंतर देते" म्हणून विसरले. तेव्हा त्याला हस्तकला म्हणणारे कुणी भेटले नाही.

हा विषय आजच का काढला, तेही सांगतो. मुंबईत सध्या आपली जुनी घरे पडत आहेत आणि नवी उभी राहत आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली १६० चौरस फुटांची खोली सोडून वरळीतली पहिली काही कुटुंबे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांत गेली. आनंदाची गोष्ट आहे. चार पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसांना संडास-बाथरूम घरात मिळाले, यापेक्षा मोठी वाकळ कोणती? पण जिथे जिथे अशी घरे बदलतात, तिथे इमारतीच्या दाराशी जुन्या सामानाचे ढीग पडतात, आणि त्या ढिगांत सर्वांत खाली वाकळा असतात.

आमच्या ओळखीच्या एका घरात असेच झाले. घर बदलताना म्हातारी आई लेकीकडे होती. मुलाने, सुनेने प्रेमानेच सगळे नवे केले; तिच्यासाठी पलंग घेतला, नवी गादी घेतली. ती आली, घर बघून हरखली, प्रत्येक खोलीत दिवा लावून-विझवून पाहिला. रात्री झोपताना तिने वाकळ मागितली. "ती टाकली आई, फार जुनी झाली होती," मुलगा म्हणाला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सुनेला एवढेच सांगितले की त्यात धाकट्याचा सदरा होता. धाकटा मुलगा सहाव्या वर्षी तापाने गेला होता. मोठ्या मुलाला आपल्याला एक भाऊ होता एवढे माहीत होते. सदऱ्याचे माहीत नव्हते. त्याला दोष कसा द्यावा? त्याला कुणी सांगितलेच नव्हते, आणि त्याने कधी विचारले नव्हते.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि त्यांच्या वापरातल्या वस्तू जतन करून ठेवल्या आहेत. तिथे गेलेला माणूस काचेसमोर गप्प उभा राहतो. कापडात माणूस उरतो हे आपल्याला तिथे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

याचा अर्थ घरात चिंध्यांचे गोदाम करावे असा मुळीच नाही. ढेकणांनी भरलेली, ओल धरलेली, आजारी माणसाच्या अंगाखाली खराब झालेली वाकळ ठेवू नये. दमेकऱ्याच्या खोलीत तर धुळीची वाकळ नकोच. पण टाकण्याआधी घरातल्या सर्वांत वडील बाईला शेजारी बसवावे आणि एक एक तुकडा विचारावा : हे कुणाचे? हे केव्हाचे? एवढा एक रविवार गेला तरी चालेल. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. विचारून झाल्यावर पूर्ण वाकळ ठेवायला जागा नसेल तर हाताएवढा तुकडा कापून ठेवावा. चांगल्या राहिलेल्या सुती भागाचे, गरम पाण्यात नीट धुऊन, येणाऱ्या बाळाला दुपटे करावे. त्याच्याइतके मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. आणि ठेवायची असेल तर माळ्यावर कोंबू नये, वापरावी. वाकळ वापरल्याने जितकी खराब होते, त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरून जास्त होते. धुताना ब्रश मारू नये, टाके तुटतात. साबणाच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवावी, आणि दोरीवर लोंबकळत न ठेवता सपाट जागी दोन दिवस दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यावे. ओली वाकळ उचलायला दोन माणसे लागतात. तेव्हा पेपरात डोके खुपसून बसलेल्या चिरंजीवांनी या कामाला उठावे.

आमच्या घरी गेल्या महिन्यात आमच्या मुलीने वही घेतली आणि आजीला विचारत विचारत सगळे तुकडे लिहून काढले. एकूण एकवीस निघाले. एकोणिसांची नावे आईने सांगितली, काहींची हात फिरवूनच. दोन मात्र तिलाही ओळखू आले नाहीत : एक बारीक चौकड्यांचा, एक जांभळा. ते आपण लग्न होऊन यायच्या आधीचे असतील, असे ती म्हणते. मे महिन्यात गावी गेल्यावर थोरल्या चुलतीला ते दाखवायचे ठरले आहे. तिची नजर आता गेली आहे, पण कापड हातात दिले तर कदाचित सांगेल.